लेकराचे आजारपण आणि तवक्कुल

संतती ही अल्लाहने आई-वडिलांच्या हाती सोपविलेली अमानत आहे. अमानतीचा जाब द्यावा लागणार, हे आपण सारे मानतो. परंतु मूल तापाने फणफणले असता ‘अल्लाह बरे करील’ एवढे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यास आपण तवक्कुल करणारा समजतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर उंट आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. दुआ करावी, सूरह फातिहा पढून दम करावा; यात दुमत नाही. हजरत हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी स्वतः प्रेषित (स.) अल्लाहचे संरक्षण मागत असत. मात्र उपचार करावेत काय, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी ते करण्यास सांगितले आणि वार्धक्यावाचून प्रत्येक व्याधीला अल्लाहने उपाय ठेवला असल्याचे समजाविले.

हदीस ग्रंथांतील एक प्रसंग प्रत्येक मातेला ठाऊक असावा. हजरत उम्मे कैस (रजि.) आपल्या लहानग्याला घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. मुलाला घशाचा विकार होता व त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याचा घसा बोटाने दाबला होता. प्रेषितांना (स.) लेकराला दिलेली ही यातना रुचली नाही, त्यांनी ऊद-ए-हिंदी हे औषध सुचविले. रीत जुनी होती, करणारी माताच होती, हेतूही चांगला होता. तरीही त्यांनी ती नाकारली. आज पडजीभ दाबणाऱ्या, पोट फुगले म्हणून तान्ह्याला डागणाऱ्या हातांना आपण कोणत्या तोंडाने मूल सोपवितो?

मधाचेही तसेच. त्यात शिफा आहे, हे कुरआनचे वचन आहे; पण एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात क्वचित असणारे जंतू बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडतात. तहनीकच्या हदीसींत उल्लेख येतो तो खजुराचा.

जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ‘पाणी दिले तर जुलाब वाढतील’ ही समजूत घातक आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा चमचा (चहाचा चमचा, अंदाजाने नव्हे) विरघळवून घोटघोट पाजावे. सरकारी दवाखान्यातील ओ.आर.एस.ची पुडी मिळाल्यास अधिक उत्तम. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात, जुलाब थांबले तरीही. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, लघवी होईना, शौचात रक्त दिसले किंवा मूल गुंगीत राहू लागले, तर घरगुती उपायांची मुदत संपली.

खोकल्यात छाती उघडी करून एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली साठ, एक वर्षापर्यंत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, अथवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 अंश ताप आला तरी तसेच. आकडी आली तर कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये; कुशीवर निजवावे आणि निघावे.

आणि निघावे ते कोणाकडे? वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणारा नुकसानीस जबाबदार, असे हदीस सांगते. प्रत्येक तापाला सुई टोचणारा वस्तीतला अशिक्षित ‘डॉक्टर’ यातच मोडतो. लसीबाबतही अफवांचे ऐकणे पुरे झाले. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी व मालेगावात गोवराने काय केले, ते फार जुने नाही.

मध्यरात्री मूल अत्यवस्थ झाल्यास मातेने पती परतण्याची किंवा सासूबाईंच्या होकाराची वाट पाहू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य येते. रमजान असेल आणि उपवासामुळे आजारी तान्ह्याला दूध पुरेनासे झाले, तर तिने रोजा सोडावा. शरीअतने स्तनदा मातेला ती सवलत दिलेली आहे, आणि रोजा नंतर भरून काढता येतो.