उचल

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातून दोन तऱ्हेचे स्थलांतरित पश्चिमेकडे निघतात. अंबड-घनसावंगीकडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मी जुन्या जालन्यातल्या घरून पुण्याच्या आयटी कंपनीत परततो. आगाऊ रक्कम मलाही मिळाली होती, फक्त तिला जॉइनिंग बोनस म्हणतात. त्यांची उचल टनावारी फिटते, खाडा पडला की दंड बसतो, आणि नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’.

कष्टच मोजले तर मी हरेन. मग माझ्या यशात माझं किती? माझ्या आईवडिलांना हंगामाला जावं लागलं नाही, म्हणून माझी शाळा सुटली नाही. माझी खरी उचल तीच. ती फेडायला कुठलाच मुकादम माझ्या दारी येत नाही. म्हणून ती फिटली, असं मात्र मला म्हणवत नाही.