नावाआधीचा शब्द

वैद्य म्हणजे जाणणारा. हकीम या अरबी शब्दाच्या मुळाशी शहाणपण आहे. डॉक्टर हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ शिकवणे. मध्ययुगीन युरोपात धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा अध्यापकही डॉक्टरच असे. बंगालीतला कविराज अनुवाद करताना मला हमखास अडवतो, कारण मराठी वाचकाला तिथे उपचार करणारा दिसत नाही, कवी दिसतो. यांतल्या एकाही शब्दात औषध नाही. सगळ्यांत आहे तो ज्ञानाचा दावा. म्हणून आयुर्वेदाच्या पदवीधराने नावाआधी ‘डॉ.’ लावावे का, हा वाद मला दोन व्यवसायांमधल्या मानापमानापुरता वाटत नाही. ‘मी जाणतो’ असे जाहीर करणारा माणूस समोरच्याला नेमके कशाचे वचन देतो, हा खरा प्रश्न आहे.

मालकीच्या मुद्द्यावर कोणाचीच बाजू भक्कम नाही. एमबीबीएसमधला पहिला ‘बी’ बॅचलरचा आहे आणि बीएएमएसमधलाही. दोघेही स्नातक, ‘डॉक्टर’ ही दोघांना रूढीने मिळालेली उपाधी. ब्रिटनमधले शल्यचिकित्सक आजही ‘मिस्टर’ म्हणवून घेतात. जर्मन भाषेत तर उपचार करणाऱ्याला वेगळाच शब्द आहे; ‘डॉक्टर’ व्हायला त्यालाही प्रबंध लिहावा लागतो.

आपल्या कायद्याने काय केले? १९१६च्या कायद्याने पाश्चात्त्य वैद्यकाची पात्रता असल्याचे भासवणारी खोटी उपाधी लावणे गुन्हा ठरवले आणि आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांना त्या व्याख्येबाहेर ठेवले. १९३८ साली मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतले एक प्रकरण आले. होमिओपॅथीच्या पदविकाधारकाने ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता. जी पद्धती आपण शिकलो नाही तिचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. १९९८ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तर भारतीय वैद्यकाच्या व्यावसायिकाला आधुनिक औषधे देता येतील. म्हणजे कोणाच्या हाती कोणते औषध शोभते, हे राज्याची हद्द ओलांडली की बदलू शकते.

शासनाची भाषा तर सोयीप्रमाणे बदलते. दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रातली जागा भरायची असते तेव्हा बीएएमएस हा डॉक्टर असतो. २०२०मध्ये शल्य आणि शालाक्य शाखांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली, तेव्हाही तो डॉक्टर होता. पगाराचा विषय निघाला तेव्हा मात्र, गुजरातच्या खटल्यात, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांचे काम समान नाही असा निवाडा दिला. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण ज्याला रात्री तीन वाजता उठवताना ‘डॉक्टर’ म्हणायचे त्याला वेतनपत्रकात वेगळे म्हणायचे, ही विसंगती त्या तरुण वैद्याने का सोसावी, हेही विचारायला हवे.

या वादात सहसा कोणी चरकाला साक्षीला बोलावत नाही. चरकसंहितेत म्हटले आहे, की जन्माने कोणी वैद्य नसतो. विद्या पूर्ण झाल्यावर त्याचा जणू नवा जन्म होतो आणि तेव्हा तो ‘वैद्य’ या शब्दाला पात्र ठरतो. उपाधी कमवावी लागते, हे तिथे स्पष्ट आहे. त्याच ग्रंथात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत: वैद्याचे सोंग घेणारे, खऱ्या गुणांचे, आणि या दोहोंमधले ‘सिद्धसाधित’. हे मधले म्हणजे नामवंतांशी नाते सांगून त्यांच्या कीर्तीवर स्वतःचे नाव चालवणारे. आयुर्वेद शिकलेला माणूस ‘वैद्य’ ही स्वतःच्या शास्त्राने दिलेली उपाधी पुसून फक्त ‘डॉ.’ लिहितो, तेव्हा तो या मधल्या प्रकाराच्या फार जवळ जाऊन उभा राहतो. अर्थात त्याला तिथे ढकलणारे आपणच. वैद्य म्हटले की आपल्याला काढे आणि पुड्या आठवतात, डॉक्टर म्हटले की आपण खुर्ची पुढे करतो.

उपाधीला बंदी घालावी असे मला वाटत नाही. ती लावावी, पण तिच्याबरोबर शास्त्राचे नावही लावावे. पाटीवर कोपऱ्यातल्या रोमन अक्षरांत नव्हे, रुग्णाला वाचता येईल अशा लिपीत, तितक्याच मोठ्या अक्षरांत: आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी. गावात दुसरे कोणी नसतेच, मग लिहून काय फरक पडतो, असे यावर म्हटले जाते. मला ते उलट वाटते. ज्याला निवड नाही त्याला माहितीची गरज जास्त. समोरच्याचे ज्ञान कुठे संपते हे कळले, तरच तालुक्याच्या दवाखान्याकडे कधी निघायचे ते त्याला ठरवता येते.

अनुवादाच्या पुस्तकावर मूळ भाषा छापलेली असते. तिने अनुवादक लहान ठरत नाही. वाचकाला आपण काय वाचतो आहोत ते कळते, इतकेच. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या आईला निदान तेवढे तरी न विचारता कळायला हवे. त्या क्षणी ‘तुम्ही काय शिकला आहात?’ असे विचारायचे धाडस तिच्यात नसते, आणि ते तिने करावे ही अपेक्षाही न्याय्य नाही.