माहिती किती शिळी चालेल?

चाकणच्या मोटार कारखान्यात असेंब्ली लाइनवरचा कामगार एकेका बोल्टसाठी स्टोअरकडे धावत नाही. माल हाताशी बिनमध्ये असतो. बिन रिकामा झाला की कार्ड मागे जाते, नवा माल येतो. टोयोटात ताइइची ओनो यांनी घडवलेली ही कानबान पद्धत भोसरी-तळवड्याच्या पुरवठादारांच्याही परिचयाची आहे. डिलिव्हरी शेड्यूल दाखवणारी वेबपेजेस मात्र अनेकदा याच्या उलट वागतात. पार्टचे नाव, ड्रॉइंग नंबर, दर असे तेच ते प्रश्न प्रत्येक वेळी डेटाबेसला नव्याने विचारतात. शिफ्ट सुरू होताना सगळे एकदम पान उघडतात आणि ते रखडते.

उपाय जुना आहे. मोठ्या, मंद स्मृतीपुढे छोटी, वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्येच मांडली होती. आज तोच विचार सर्व्हिस लेअरमध्ये, म्हणजे पान आणि डेटाबेस यांच्या मधल्या थरात, वापरता येतो. एकदा आणलेले उत्तर तिथे कॅशमध्ये, म्हणजे अशा छोट्या, वेगवान साठ्यात, ठेवायचे. कॅश या थरात असल्याने वेबपेज, मोबाइल अ‍ॅप आणि गेटवरची नोंद यांना एकच उत्तर मिळते. प्रत्येकाने आपली वेगळी प्रत ठेवली, तर तीन ठिकाणी तीन आकडे दिसतील.

पण खरी कसोटी वेगाची नाही. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की लाइनवरचा जुना माल आधी उचलावा लागतो, नाहीतर चुकीचा पार्ट गाडीत बसतो. कॅशचेही तसेच. मूळ नोंद बदलताक्षणी साठवलेली प्रत पुसली पाहिजे. मात्र प्रत्येक माहितीला सारखीच घाई नसते. पार्टचे वर्णन दिवसभर जुने राहिले तरी बिघडत नाही. आजचे शेड्यूल तासभर जुने राहिले, तर रद्द झालेल्या ऑर्डरचा टेम्पो मोशीच्या कोंडीतून चाकणला पोहोचतो. त्याचे डिझेल आणि मजुरी छोट्या कारखानदाराच्या खिशातून जाते.

म्हणून कोणती माहिती किती वेळ शिळी चालेल, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. तो निर्णय स्टोअर, खरेदी विभाग आणि पुरवठादार यांच्यासोबत बसून घ्यावा. आधी डेटाबेसची मंद क्वेरी सुधारावी, मग प्रत्येक माहितीची मुदत कागदावर लिहावी आणि त्यानंतरच कॅश लावावी. झटपट उघडणारे पण चुकीचे शेड्यूल दाखवणारे पान रखडणाऱ्या पानापेक्षा जास्त नुकसान करते.