श्वानाचे नाव कोणासाठी?

बिदर जिल्ह्यातील मंठाळसारख्या गावी पिलू घरी आले की मोत्या, काळू, वाघ्या यांपैकी एखादे नाव त्यास सहज मिळते. छायाचित्रणाचा छंद असलेल्या घरी मात्र त्यास ‘कोडॅक’ म्हणावेसे वाटेल. यात गैर ते काय, असे वाचक विचारतील. बेळगावच्या एका छायाचित्रकाराने तर आपल्या मुलांनाच कॅमेरे व छपाईयंत्रे करणाऱ्या कंपन्यांची नावे दिली. २०२० साली ती वार्ता वृत्तपत्रांतून गाजली. परंतु मुलगा मोठा होऊन बापास जाब विचारू शकतो, नाव बदलूनही घेऊ शकतो. श्वानास ती सोय नाही.

‘कोडॅक’ हा शब्द जॉर्ज ईस्टमन याने १८८८ च्या सुमारास केवळ नादाकरिता घडविला. आरंभी व अंती त्याच्या आवडीचा क-कार, अर्थ मात्र कोणत्याच भाषेत नाही. श्वानास तरी अर्थाशी काय कर्तव्य? त्यास कळतो तो नाद आणि हाक मारणाऱ्याचा स्वर. त्या दृष्टीने हे नाव आम्हांस प्रामाणिक वाटते. (पाहुण्यांच्या कौतुकासाठी ठेवलेली लांबलचक नावे शेवटी ‘हाड्!’वर येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.) गाणगापूरच्या यात्रेकरूंनी घरी आणलेल्या दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना आपण वेद मानतो; तेथे अर्थ आहे तो आपल्या भक्तीचा.

तेव्हा ‘कोडॅक’ अवश्य म्हणावे. मात्र ती हाक छायाचित्र काढतानाच नव्हे, भाकरीच्या वेळीही पडली पाहिजे. महाप्रस्थानात युधिष्ठिरामागून चाललेल्या श्वानास महाभारताने नावच दिलेले नाही. तरीही त्यास सोडून रथात बसण्याचे युधिष्ठिराने नाकारले.