बंद करता येणारं जनुक

पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून. हेच औषध जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांनाही दिलं जातं, पण तिथे जंतू मारणं हा हेतू नसतो. ते पोटात गेलं की उंदराच्या पेशींतलं एक ठरावीक जनुक थांबतं किंवा सुरू होतं, आणि औषध काढून घेतलं की पुन्हा उलट. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जीवशास्त्राच्या हाती आलेल्या साधनांपैकी मला हे सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. आजारी माणसाच्या उशाशी बसलेला प्रत्येक जण मनात जे विचारत असतो, ते या साधनामुळे प्रयोगाने विचारता आलं: झालेलं नुकसान भरून येईल, की आता उशीर झाला?

जनुक म्हणजे वारशाने आलेली गोष्ट, ती एक तर असते नाहीतर नसते, अशीच फार काळ समजूत होती. १९६१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी तिला धक्का दिला. ई. कोलाय हा जीवाणू दुधातली साखर पचवणारी प्रथिनं सदासर्वकाळ बनवत बसत नाही. त्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन अडून बसलेलं असतं, साखर आली की ते बाजूला होतं आणि काम सुरू होतं. जनुक असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं, हे त्या दिवसापासून पक्कं झालं. पण जीवाणूतली ही युक्ती सस्तन प्राण्यात हवी तेव्हा वापरता येईल, हे घडायला आणखी तीस वर्षं गेली.

मधल्या काळात परकं जनुक उंदरात घालायची विद्या तयार झाली. १९८० मध्ये येल विद्यापीठात जॉन गॉर्डन आणि फ्रँक रडल यांनी फलित अंड्याच्या केंद्रकात बारीक सुईने डीएनए टोचून ते पिलांत उतरतं हे दाखवलं. दोन वर्षांनी रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांचे राक्षसी उंदीर गाजले. रॅट या मोठ्या जातीच्या उंदराचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक त्यांनी अंड्यांत टोचलं होतं. जन्मलेल्या २१ पिलांपैकी सातांत ते उतरलं आणि त्यांतली सहा भावंडांपेक्षा कितीतरी मोठी झाली. त्या जनुकाला जोडलेला नियंत्रक तुकडा जस्तासारख्या धातूंना प्रतिसाद देणारा होता, म्हणजे बटणाची कल्पना तिथे होतीच. पण ते बटण कधीच पूर्ण बंद होत नसे, आणि जड धातू पाजणं प्राण्याला बाधतं ते वेगळंच.

पुढे जनुक घालण्याबरोबर काढूनही टाकता येऊ लागलं आणि एक मोठी पंचाईत समोर आली. १९९२ मध्ये एमआयटीत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या एका एन्झाइमचं जनुक काढलेले उंदीर तयार झाले. त्यांना जागा लक्षात ठेवणं जमेना. एन्झाइम स्मृतीसाठी लागतं असं म्हणावं, तर हे उंदीर गर्भापासूनच त्याच्याविना वाढलेले. त्यांचा मेंदू घडतानाच काही बिघडलं असेल तर? वाढीतला दोष आणि त्या घडीचा दोष वेगळे काढायला जनुक मोठेपणी, हव्या त्या आठवड्यात बंद करता यायला हवं होतं.

त्याच वर्षी हायडेलबर्गमध्ये मानफ्रेड गॉसेन आणि हेर्मान बुयार्ड यांनी त्याची युक्ती शोधली, आणि पुन्हा ई. कोलायच्याच मदतीने. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंकडे औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो. तो फुकट चालवणं जीवाणूला परवडत नाही, उलट घातक ठरतं. म्हणून त्याच्या जनुकावर एक प्रथिन घट्ट बसलेलं असतं आणि औषधाचा अगदी थोडा अंश आला तरी सुटतं. गॉसेन आणि बुयार्ड यांनी या प्रथिनाला नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा, जनुक जागवणारा एक तुकडा जोडला. आता तेच प्रथिन जिथे बसेल तिथलं जनुक चालू करू लागलं, आणि औषध दिलं की सुटून ते बंद होऊ लागलं. १९९५ मध्ये त्याच गटाने त्यातली चार अमिनो आम्लं बदलून उलटा प्रकार केला: औषध दिलं तर चालू. एका जीवाणूने स्वतःचा जीव वाचवायला कमावलेला इतका नेमका पहारा सस्तन प्राण्यांच्या पेशीत जसाच्या तसा चालावा, याचं मला अजून नवल वाटतं. सस्तन प्राण्यात त्या पहाऱ्याला दुसरं काही कामच नाही, म्हणून तो इतर कशात ढवळाढवळ करत नाही.

प्राणीगृहात याचं रूप अगदी साधं असतं. डॉक्सिसायक्लिन कडू लागतं म्हणून पाण्यात साखर घालतात. उजेडात ते खराब होतं म्हणून बाटल्या तपकिरी किंवा झाकलेल्या, आणि पाणी वरचेवर बदलायचं. अनेक ठिकाणी औषध मिसळलेल्या खाद्याच्या गोळ्याच देतात. औषध आईच्या दुधातून पिलांत जातं आणि हाडांत साठून नंतर हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे ‘आज बंद केलं’ म्हणजे आजच बंद झालं असं नसतं.

या साधनाचं खरं मोल मला चालू करण्यापेक्षा बंद करण्यात दिसतं. कोलंबिया विद्यापीठात आय यामामोतो, होसे लुकास आणि रने हेन यांनी २००० साली केलेला प्रयोग त्याचा उत्तम दाखला आहे. हंटिंग्टन हा आनुवंशिक आजार ऐन उमेदीत उद्भवतो आणि माणसाच्या हालचाली, मन, बुद्धी सगळं पोखरत नेतो. मेंदूतल्या पेशी मरत जातात, मेलेल्या परत येत नाहीत, म्हणून एकदा लक्षणं दिसली की वाट फक्त उताराची, असंच धरून चाललेलं होतं. या संशोधकांनी दोषी जनुकाचा तुकडा उंदरांत बटणासकट घातला. निरोगी उंदराला शेपटीने उचललं तर तो पाय फाकवतो. हे उंदीर पाय पोटाशी आवळून घेऊ लागले, आणि त्यांच्या चेतापेशींत दोषी प्रथिनाचे गठ्ठे साचले. अठराव्या आठवड्यापासून त्यांना सोळा आठवडे औषध देऊन जनुक बंद ठेवलं. गठ्ठे विरले आणि पाय आवळणं थांबलं.

दोषी प्रथिन सतत बनत होतं म्हणून आजार टिकून होता. ते बनणं थांबताच पेशींनी साचलेला कचरा स्वतःच उपसला. आजार म्हणजे कधीतरी घडून गेलेला अपघात नसून रोज नव्याने चाललेली कृती असू शकते, हा विचार मला त्या गठ्ठ्यांच्या विरण्यापेक्षाही मोठा वाटतो.

सगळीकडे असं घडलं नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅरन ॲश यांच्या गटाने २००५ मध्ये सदोष टाऊ प्रथिनाचं जनुक असंच बंद केलं. उंदरांची स्मृती सुधारली, पण अल्झायमरची खूण मानले जाणारे टाऊचे गुंते वाढतच राहिले. नळ बंद केला तरी भिंतीतली ओल पसरत राहावी, तसं. म्हणजे स्मृती बिघडवणारं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं, ही दोन एकच नव्हती. कर्करोगात तर एकाच जनुकाची उत्तरं अवयवागणिक बदलली. डीन फेल्शर यांच्या गटाने मिक हे जनुक काही काळ बंद केलं, तेव्हा हाडाच्या गाठीतल्या पेशी प्रौढ हाडाच्या पेशींसारख्या झाल्या आणि जनुक पुन्हा चालू केल्यावर मरून गेल्या. यकृताच्या गाठीही जनुक बंद होताच विरल्या, पण त्यांतल्या काही पेशी निजून राहिल्या आणि जनुक चालू होताच गाठ परतली.

यातून माणसाबद्दल काही म्हणण्याआधी साधनाच्या उणिवा पाहायलाच हव्यात. आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचा उगम जीवाणूंपासून झालेला असल्यामुळे डॉक्सिसायक्लिन त्यांच्याही प्रथिननिर्मितीत अडथळा आणतं, शिवाय आतड्यातले जीवाणू बदलतात ते निराळं. म्हणून परकं जनुक नसलेल्या उंदरांनाही तेच औषध देऊन तुलना करावी लागते. टाऊच्या त्या उंदरांबद्दल २०१९ मध्ये कळलं की परकं जनुक गुणसूत्रात जिथे घुसलं तिथलं त्यांचं स्वतःचं एक जनुक मोडलं होतं, आणि मेंदूच्या ऱ्हासाचा काही भाग त्यामुळे होता. आणि उंदरांनी मोजलेली किंमत आहेच. बटण एका उंदरात, जनुक दुसऱ्यात, अशी जोडी लावली तर दोन्ही असलेली पिलं साधारण चारांत एक. बाकीच्यांतली थोडी तुलनेला लागतात आणि पुष्कळशी नकोशी ठरतात. प्राणी-नीती समितीपुढे जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात या नको असलेल्यांची संख्या ठळकपणे मांडली जावी, असं मला मनापासून वाटतं.

हंटिंग्टनच्या रुग्णांसाठी मात्र त्या उंदरांनी आशेला आधार दिला. दोषी प्रथिनाची निर्मिती कमी करणारं टोमिनर्सन हे औषध पाठीच्या मणक्यातल्या द्रवात टोचून मोठ्या चाचणीत दिलं गेलं. मार्च २०२१ मध्ये रोश कंपनीने ते देणं थांबवलं, कारण रुग्णांना फायदा दिसेना. उंदरांत थांबली होती ती फक्त परक्या, दोषी तुकड्याची निर्मिती, तीही पूर्णपणे. हे औषध दोषी आणि निरोगी दोन्ही प्रथिनं कमी करतं, आणि तीही काही प्रमाणातच. उंदरांप्रमाणेच चाचणीतल्या रुग्णांनाही लक्षणं आधीच सुरू झालेली होती. आकडे पुन्हा तपासल्यावर वयाने लहान आणि आजार कमी बळावलेल्या रुग्णांत फायद्याची शक्यता दिसली, म्हणून पुढची चाचणी लक्षणं नुकतीच दिसू लागलेल्या किंवा दिसण्याच्या बेतात असलेल्या तरुण रुग्णांत सुरू करण्यात आली.