यजमान, ऋत्विज आणि उमेदवार

काशीच्या घाटांवरील वाड्यांचा इतिहास हा बहुतांशी परगावच्या धनवंतांचा इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गंगातीरी बांधलेला वाडा १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आता तेथे एक आलिशान हॉटेल आहे. घाटांवरील अशा वास्तूंतून, तसेच गंगेच्या पात्रातील सजविलेल्या बजऱ्यांवर, लग्नसराईत किंवा कार्तिकी पौर्णिमेच्या देवदिवाळीस अतिश्रीमंतांचे खासगी समारंभ होतात. त्यांची आखणी हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे, आणि व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी त्यात उमेदवारी करू लागले आहेत.

अशा विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे काम वरवर पाहता निरुपद्रवी असते. पाहुण्यांच्या याद्या करणे, झेंडूच्या माळांचा हिशेब ठेवणे, नावाड्यांच्या वेळा ठरविणे, कोणास कोणत्या पायरीवरून उतरवायचे हे पाहणे. परंतु एका रात्रीच्या फुलांवर होणारा खर्च आपल्या घरच्या वर्षभराच्या मिळकतीहून अधिक आहे, हे ज्या क्षणी त्याच्या ध्यानी येते, त्या क्षणी एक जुनाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. दुसऱ्याच्या वैभवप्रदर्शनाची सिद्धता जो आपल्या हातांनी करतो, तो त्याच्या बऱ्यावाईटाचा वाटेकरी होतो काय?

या प्रश्नाचा विचार काशीत फार पूर्वीच झालेला आहे. फक्त तो यज्ञाच्या परिभाषेत झाला. पूर्वमीमांसेच्या मते यज्ञाचे फळ यजमानास मिळते. ऋत्विज हा दक्षिणेने परिक्रीत, म्हणजे मोल देऊन मिळविलेला असतो. कर्म त्याचे, फळ दुसऱ्याचे. आजच्या उमेदवारास हा सिद्धान्त सोयीचा वाटावा असा आहे. उधळपट्टी यजमानाची, दोषही यजमानाचा. आपण केवळ नेमलेले काम चोख करावे आणि मोकळे व्हावे.

मात्र मीमांसक येथेच थांबलेले नाहीत. शत्रूच्या नाशासाठी सांगितलेल्या श्येनयागाची चर्चा करताना त्यांनी स्पष्टपणे मानले, की यागाचा विधी निर्दोष असूनही त्याचे फळ हिंसारूप असल्यामुळे तो अनर्थच ठरतो. कर्माची सफाई आणि कर्माचे धर्म्यत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांतील विवेक. व्यवस्थापनाच्या शिक्षणात पहिलीचे धडे भरपूर मिळतात. दुसरीचा उच्चार क्वचितच होतो.

याच परंपरेतील विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट यांचे उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. मूळच्या पैठणच्या, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीत नांदलेल्या घराण्यातील हे मीमांसक. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या शिवराज्याभिषेकाचा विधी त्यांनी सिद्ध केला आणि त्याचा प्रयोगग्रंथही रचला. प्रयोग म्हणजे कोणी, केव्हा, कोणत्या साहित्याने काय करावे याची क्रमवार मांडणी. त्या अर्थाने गागाभट्ट हे एका भव्य समारंभाचे आखणीकारच होत. परंतु प्रयोग मांडण्यापूर्वी त्यांना एका प्रश्नाचा निर्णय करावा लागला होता: या यजमानास या कर्माचा अधिकार आहे काय? त्या काळी हा अधिकार वर्णाशी जखडलेला होता, ही त्या विचाराची मर्यादा उघडच आहे. तरीही यजमानाकडून दक्षिणा घेणाऱ्याने अधिकाराचा प्रश्न आपला मानला आणि त्या निर्णयाची जबाबदारी उघडपणे पत्करली, हे विसरता येत नाही. आजच्या समारंभव्यवसायात अधिकाराची एकच कसोटी उरली आहे, आणि ती म्हणजे पैसे मोजण्याची क्षमता.

या व्यवसायाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्या टाकाऊ नाहीत. पहिली अशी, की धनिकाच्या खर्चावर फूलवाले, नावाडी, विणकर आणि वादक यांच्या चुली पेटतात. दुसरी अशी, की काशीस असे उत्सव नवे नाहीत. होळीनंतरच्या बुढवा मंगळास एकेकाळी काशीचे रईस बजरे शृंगारून गंगेच्या पात्रात गाण्याच्या मैफली भरवीत. मात्र तेथील सूर पाण्यावरून घाटावर बसलेल्यांच्या कानी पडत. पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला दगडी दीपस्तंभ राजद्रव्याचाच, पण त्याच्या उजेडास निमंत्रणपत्रिका लागत नाही. आजच्या विलासाचे मर्म मात्र इतरांच्या अनुपस्थितीत आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत झालेल्या अनंत अंबानी व राधिका मर्चंट यांच्या विवाहात तर खुद्द काशीच सजावटीचा विषय झाली. तिच्या घाटांची आणि गल्ल्यांची प्रतिकृती निमंत्रितांसाठी उभी राहिली, तिची चाटही तेथे पोहोचली. कारागिरांना काम मिळाले, हे खरे. परंतु जिच्या पायऱ्यांवर कोणासही बसता येते अशी नगरी दाराआड गेली, हेही तितकेच खरे. उमेदवार जी यादी करावयास शिकतो, तिचे खरे कार्य कोणास वगळायचे हे ठरविण्याचे असते.

धनिकांचा समारंभ आणि विद्यार्थी यांची काशीतील सर्वांत अर्थपूर्ण गाठ १९१६ साली पडली. ४ फेब्रुवारीस लॉर्ड हार्डिंज यांच्या हस्ते हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. त्या निमित्त चाललेल्या व्याख्यानांत ६ फेब्रुवारीस गांधीजी बोलावयास उभे राहिले. अध्यक्षस्थानी दरभंग्याचे महाराज होते. रत्नजडित संस्थानिक आणि देशातील कोट्यवधी दरिद्री माणसे यांतील अंतर गांधीजींनी त्यांच्या तोंडावर बोलून दाखविले, आणि सभा अर्ध्यावरच मोडली. संस्कृताच्या अध्ययनासाठी काशीत आलेल्या विनायक नरहर भावे या वीस वर्षांच्या मराठी तरुणाने त्या भाषणाचा वृत्तान्त वर्तमानपत्रात वाचला, गांधीजींना पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी तो कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. पुढे तोच विनोबा झाला.

पण येथे मालवीयजींचा विसर पडता कामा नये. ज्या संस्थानिकांच्या दागिन्यांवर गांधीजींनी बोट ठेवले, त्यांच्याच दारी जाऊन मालवीयजींनी विश्वविद्यालयासाठी द्रव्य गोळा केले होते, आणि त्या द्रव्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी शिकले. विनोबाही १९५१ पासून भूदानासाठी जमीनदारांच्या दारी गेलेच. धनिकाच्या उंबरठ्यावर पाऊल टाकणे यात पाप नाही. आपल्या श्रमाचे फळ कोणाकडे जाते याची जाणीव त्या उंबरठ्यावरही या दोघांनी सोडली नाही, आणि उमेदवाराने त्यांच्यापासून घ्यावे ते एवढेच. प्रत्येकाने कोचरबची वाट धरावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. घरची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याने मिळालेले काम सोडावे, असे म्हणणेही अन्यायाचे होईल.

मात्र यज्ञपरंपरेचा आणखी एक दंडक त्याच्या उपयोगी पडण्याजोगा आहे. दक्षिणेवाचून झालेला यज्ञ नष्ट झाला, असे ती परंपरा मानते. मग आहुती कितीही मोलाच्या असोत. पुष्कळदा उमेदवारास अनुभव हाच मोबदला म्हणून सांगितला जातो, म्हणजे या अदक्षिण यज्ञातील पहिला ऋत्विज तो स्वतःच असतो. पाहुणे परतल्यावर, पणत्या विझल्यावर, घाटावरचा फुलांचा चिखल झाडला जात असताना त्याच्या हाती हिशेबाची वही असते. नावाड्याचे आणि फूलवालीचे पैसे त्या रात्रीच चुकते झाले की पुढच्या महिन्यावर ढकलले गेले, हे तिच्यात लिहिलेले असते. यजमान ते पान कधी पाहत नाही. उमेदवारास ते पाहावेच लागते. कारण त्यावरच्या नोंदी त्याच्याच अक्षरातल्या असतात.