वैऱ्याच्या घरचा पाहुणचार

वैऱ्याच्या घरी चांगुलपणा आढळला, तर तो उघड बोलून दाखवणे हा स्वजनांचा द्रोह ठरतो काय? प्रश्न जुनाच आहे. पण एका कोरियन मालिकेने तो आमच्यापुढे नव्याने उभा केला.

२०२० च्या टाळेबंदीपासून कोरियन मालिका आपल्याकडे पुष्कळ घरांत पाहिल्या जाऊ लागल्या. वडीलधाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो, तरुणांना त्यांत माया दिसते. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही त्यांपैकीच एक. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात तिचे १६ भाग दक्षिण कोरियात दाखवले गेले. दक्षिणेतील एक धनाढ्य तरुणी वादळात सापडून उत्तर कोरियाच्या हद्दीत पडते. तेथील एक सैनिकी अधिकारी तिला आसरा देतो आणि गावच्या बायका हळूहळू तिला आपल्यातलीच मानू लागतात.

हा देश १९४५ मध्ये दुभंगला. १९५० ते १९५३ अशी तीन वर्षे भाऊ भावाशी लढला. भाषा एक, पूर्वज एक, आणि मध्ये काटेरी तार. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये तेथील ख्रिश्चन लिबरल पार्टी या राजकीय पक्षाने पोलिसांकडे तक्रार केली, की ही मालिका शत्रूचा गौरव करते.

या तक्रारीला नुसते हसून चालणार नाही. उत्तरेतील राजवट जुलमी आहे. तेथे पवित्र शास्त्र जवळ बाळगणे हादेखील गुन्हा ठरतो. ज्यांचे आप्त तेथील तुरुंगांत गेले, त्यांना गोड चित्र पाहून चीड आली तर नवल नाही. पण मालिकेने जुलूम झाकला आहे काय? वारंवार जाणारी वीज, घरांची झडती, शेजाऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याच्या नोकरीने मनातून खंगलेला माणूस, हे सारे तीत आहे. तिच्या लेखकांत उत्तरेतून पळून आलेला एक गृहस्थही होता. राजवटीची स्तुती करणे वेगळे, आणि तिच्याखाली जगणाऱ्यांना माणूस म्हणणे वेगळे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस ठाऊक आहे. प्रभूने शोमरोन्यांची उपासना बरोबर ठरवली नाही; पण त्यांच्यातील एकाची दया लपवलीही नाही.

आता आपल्या वडगावकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. दरवर्षी त्याच तारखेस येथे कोणी राज्योत्सव करतो, कोणी काळा दिवस पाळतो. मराठी माणसाने आपले गाऱ्हाणे सोडून द्यावे, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण येथे काटेरी तार नाही. मराठी आणि कन्नड विणकरांचे माग एकाच वस्तीत चालतात. दुखण्यात कन्नड शेजारीण जेवण पोचवते, तेव्हा ती गोष्ट आपण चारचौघांत सांगतो काय? आणि १ नोव्हेंबरला सांगू काय? पडद्याखालची अक्षरे वाचून दूरदेशीच्या बायकांसाठी आपले डोळे पाणावतात. शेजारणीची चार वाक्ये समजून घेण्यास मात्र सवड होत नाही.

न्याय मागताना समोरच्याचा चांगुलपणा नाकारावा लागत असेल, तर आपण न्यायापेक्षा निराळेच काही मागत आहो, असे समजावे. मालिका पाहावी की न पाहावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.